चालत्या धोंड्याचा नेम

“सूनबाई, रोज उजाडायच्या आत गल्लीतला धोंडा वीतभर पुढे सरकवायचा. कुणाला सांगायचं नाही, आणि का ते मला विचारायचं नाही. मला तरी कुठं सांगितलं होतं कुणी?”

सासूबाई एवढं सांगून गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. सूनबाईंचेही केस पिकले, पण नेम चुकला नाही. देवापुढे दिवा लावण्याआधी त्या गल्लीत जात, शिंप्याच्या पायरीजवळचा धोंडा पायाने ढकलत आणि पाय लागला म्हणून लगेच त्याला नमस्कार करत. रोज पुढे जाऊनही तो गल्लीच्या टोकाला कसा पोचत नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नेमात हिशेब धरायचा नसतो.

नावच मुळी चालत्या धोंड्याची गल्ली. ते का पडलं, यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. शिंपी म्हणे, धोंडा पुरात चालत आला. औषधवाले म्हणत, चालून जाणारं सैन्य इथं टेकायचं. सूनबाईंचे यजमान इतिहासाचे निवृत्त मास्तर. ते दोघांनाही उडवून लावत. धोंडा जागचा हललेलाच नाही, हलल्या त्या गावाच्या सीमा. गल्लीच्या समितीने मास्तरांचंच म्हणणं धोंड्याशेजारी लावायच्या पाटीवर कोरून घेतलं. पाटीचं अनावरण उद्यावर आलं.

समितीचे अध्यक्ष औषधवाले. त्यांनी काल रात्री उशिरा दुकान बंद करताना धोंड्याभोवती खडूने खूण केली होती. सकाळी बघतात तर धोंडा खुणेच्या बाहेर वीतभर. कुणीतरी तो थोडाथोडा करून चोरतंय, अशी त्यांची खात्री पटली. दुपारी गवंडी आला आणि धोंडा सिमेंटात बसवून गेला. सकाळपर्यंत वाळलं की हत्तीलाही हलायचा नाही, असं सांगून गेला.

रात्री सूनबाईंनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. मास्तरही ताटावरून अर्धवट उठले.

“शतपावली करून येतो,” म्हणत त्यांनी दारामागची पहार उचलली.

“शतपावलीला पहार?”

मास्तरांनी दार लोटून घेतलं. “आईला शब्द दिलाय. रोज रात्रीचं जेवण झालं की धोंडा वीतभर मागे आणायचा. कुणाला सांगायचं नाही.”

सूनबाई जवळ सरकल्या. “मला पुढे न्यायला सांगितलंय. सकाळी.”

दोघंही भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. सासूबाई नेहमीसारख्याच हसत होत्या, पण आज ते हसू काही साधं वाटेना.

“म्हणजे पाटीवरचं तुमचंच खरं की,” सूनबाई हळूच म्हणाल्या. “धोंडा आहे तिथंच आहे.”

“मग राहू दे का सिमेंटात? उद्याचा मान माझा आहे. अध्यक्षांनी पहारीसकट धरलं, तर चोर म्हणून माझंच अनावरण व्हायचं.”

 सूनबाई सकाळच्या दिव्याची वात तेवढी वळत बसल्या.

मास्तरांनी सुस्कारा सोडला. “बरं. मी मागे आणतो. सकाळी तू पुढे ने.”

“पाय लागला तर नमस्कार करा.”

मास्तरांनी मान डोलावली, पहार धोतरात झाकली आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरू लागले.