उग्रदंताच्या राज्यातलं पाणी

नागसेन सरांच्या घरात लोकशाहीवर पहिला घाव पडला तेव्हा सुकेशनीबाई टीव्हीसमोर बसून मेथी निवडत होत्या.

"काही म्हना," त्या म्हणाल्या, "राज्य करावं तर उग्रदंतानंच."

सर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. असलं वाक्य वर्गात कुणी बोललं असतं तर त्याला त्यांनी आख्खी उद्देशिका दहादा लिहायला लावली असती. पण इथे घरचाच मामला होता. उग्रदंत हा रोज संध्याकाळी सातला लागणाऱ्या मालिकेतला खलनायक. डोक्यावर शिंगांचा मुकुट, डोळ्यांत बोटभर काजळ, आणि एकदा हसायला लागला की जाहिराती लागेपर्यंत थांबायचा नाही. त्यानं राजकन्येला बुरुजात कोंडलं होतं आणि राज्यातली एकुलती एक नदी अडवून ठेवली होती.

"अगं, त्यानं नदी कोंडलीय!" सर पेपर खाली ठेवून म्हणाले.

"कोंडलीय, पन सोडतो ना रोज. आधी नगारा वाजतो, मंग पानी येतं. आपल्याकडं नळाला पानी कवा येईल ते कुनाला मालूम हाय का?"

"आणि राजपुत्र? तो खरा वारस आहे गादीचा."

"त्यो दोन वर्षं झाली रानात जादूचा मनी हुडकायलाय. राज्य कोन बघायचं?"

"अन् उग्रदंत रोज दरबार भरवतो," सोफ्याच्या टोकावरून भागम्मांनी पुस्ती जोडली. "त्याला रजा न्हाई, दौरा न्हाई."

भागम्मा म्हणजे समोरच्या किराणा दुकानदार मल्लेशच्या आई. सगळी गल्ली त्यांना आव्वा म्हणे. घरच्या टीव्हीवर मल्लेश क्रिकेट लावून बसतो म्हणून त्या सातच्या ठोक्याला सरांकडे यायच्या. सरांनी कपाळाला हात लावला आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपरच्या वरच्या कडेवरून टीव्ही नीट दिसतो, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांना हे बोलणं लागलं त्याला कारण होतं. परभणीतल्या त्या गल्लीत नळाचं पाणी त्याच्या मनात येईल तेव्हा येई, म्हणून सगळ्यांनी मिळून बोअर घेतलं होतं. मोटारीचा स्टार्टर मल्लेशच्या भिंतीवर, कुलूपबंद पेटीत. त्या किल्लीचा कारभार पाणी समितीकडे आणि समितीचे अध्यक्ष पहिल्यापासून नागसेन सर. सरांना गाडी नव्हती, बंगला नव्हता. पण "अध्यक्षसाहेब" अशी हाक आली की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

समितीचा कारभार लोकशाहीचा. किल्ली घराघरात पाळीनं फिरायची. ज्याच्या घरी किल्ली जाई तो आधी आपली टाकी भरी, मग कूलर, मग गाडी धुई, आणि शेजाऱ्याची पाळी येईतो बोअरचा दम तुटे. मग बैठक होई. बैठकीत चहा होई. आणि विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं एकमतानं ठरे.

त्या रात्री जेवणाआधी सरांच्या ओसरीवरची बैठकही तशीच चालली होती. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आश्रुबा आणि शेजारची रेणुका एकमेकांवर तुटून पडले होते.

"तुमी गाडी धुता, अन् माझ्या घरात भात शिजवायला पानी न्हाई!"

"माझी पाळी व्हती. पाळीत मी गाडी धुईन, न्हाईतर म्हैस धुईन!"

"शांत व्हा," सर म्हणाले. "गाव करी ते राव न करी. आपण सगळे मिळून..."

"गावानं काही केलं तर ना!" दारातून सुकेशनीबाई बोलल्या. "ह्याच्यापरीस उग्रदंत बरा."

गल्ली हसली. सरांचा तोल गेला.

"असं? मग आठ दिवस चालवा उग्रदंताचं राज्य! रडत माझ्याकडेच याल!"

रागाच्या भरात माणूस बोलून जातो. पण आश्रुबांनी तिथल्या तिथे मांडीवर थाप मारली. "ठरलं!"

आता प्रश्न आला, उग्रदंत कुणी व्हायचं? अध्यक्ष व्हायला सगळे तयार असत, पण वाईट व्हायला कुणी पुढे येईना. प्रत्येकाला गल्लीतच राहायचं होतं, हातउसनी साखर मागायची होती. शेवटी आव्वा गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"आना ती किल्ली हिकडं. मला कुनाकडं साखर मागायची गरज न्हाई, दुकान घरचं हाय."

त्यांनी उग्रदंतासारखं हसायचाही प्रयत्न केला, पण खोकल्याची उबळ आली आणि सुकेशनीबाईंना पाणी आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गल्ली दचकून जागी झाली. आव्वा दारात उभं राहून पितळी परात बडवत होत्या. "पानी सुटलं! शेवटच्या घरापासून सुरू! माझं घर शेवटी!" परात एकदा वाजली की एकाची पाळी सुरू, दुसऱ्यांदा वाजली की बंद. आश्रुबांनी सवयीनं गाडीवर पाइप धरला, तर आव्वांनी तो पाइपच गुंडाळून दुकानात नेला आणि गुळाच्या ढेपेमागे कैदेत टाकला. रेणुकानं सासूच्या नावानं दुसरी पाळी लावली, तर आव्वांनी सासूला दारात उभी करून विचारलं, "तू येगळी जेवतीस का?" सासू हो म्हणायच्या बेतात होती, पण परातीकडे बघून गप्प बसली.

आणि नवल म्हणजे, सगळ्यांच्या टाक्या भरल्या. बोअरचा दम तुटला नाही.

सर वाट पाहत होते, कुणीतरी रडत येईल म्हणून. लोक येत, पण सरांकडे नव्हे. संध्याकाळी आव्वा मालिकेला सरांच्या घरी सापडतात हे गल्लीला ठाऊक होतं. सात वाजले की सरांच्याच बैठकीच्या खोलीत दरबार भरे. "आव्वा, हिनं बादली ढकलली." "आव्वा, त्यानं परात वाजल्यावर पन भरलं." उग्रदंत टीव्हीत एकटाच हसत राही. सर कोपऱ्यात पेपर धरून बसत. अध्यक्षसाहेब म्हणून कुणी हाक मारीना. मान आपोआप खाली जायला लागली.

त्यात रविवार आला. पाथरीचे व्याही पहिल्यांदाच सहकुटुंब जेवायला येणार होते आणि एका टाकीत एवढ्या माणसांचं भागणार नव्हतं. आदल्या दुपारी सर इकडेतिकडे बघत दुकानात शिरले.

"आव्वा, उद्या व्याही येणार आहेत. दहा मिनिटं मोटार जास्त चालली तर..."

आव्वा शेंगदाणे पाखडत होत्या. "मास्तर, उग्रदंताच्या सख्ख्या भावानं पानी जास्त मागितलं, तवा त्यानं काय केलं?"

"मगरीपुढं टाकलं," सर पटकन बोलून गेले आणि जीभ चावली.

"मंग? जावा घरी."

रविवारी सकाळी सर रिकाम्या पिंपाकडे बघत बसले होते. आयुष्यभर नियम शिकवले, आता नियमानंच नाक कापलं. तेवढ्यात परात वाजली.

"हुकूम! घरटी एक कळशी मास्तरच्या दारात! न्हाई देनाऱ्याची उद्याची पाळी बंद!"

बघता बघता अंगणात कळशा लागल्या. आश्रुबांनी तर दोन आणल्या, पाइप सुटेल या आशेनं. व्याही आले, हातपाय धुतले, जेवले, आणि सुपारी कातरत म्हणाले, "काय एकी हाय हो तुमच्या गल्लीत! मास्तरांची शिकवन दिसती." सर हसले. त्यांना मनातून फार बरं वाटलं आणि तेवढीच लाजही वाटली.

आठवा दिवस उजाडला. गल्ली म्हणाली, आता आव्वाच कायम राहू द्या. पण सर उठून उभे राहिले. "ज्याला निवडलं नाही त्याला राज्य करता येणार नाही. मतदान होईल, आणि गुप्त होईल."

सरांच्या ओसरीच्या आतल्या खोलीत एक माठ ठेवला. प्रत्येक मोठ्या माणसाला एक हरभरा आणि एक तूर दिली. आव्वा हव्या असतील तर माठात हरभरा टाकायचा, समिती हवी असेल तर तूर, आणि उरलेला दाणा खिशात. एकेक जण आत जाऊन आला. आव्वाही जाऊन आल्या. सर शेवटी गेले. माठापाशी उभं राहिल्यावर त्यांना का कोण जाणे, दारातल्या कळशा आठवल्या. हात घालून ते झटकन बाहेर आले.

माठ ओसरीवर आणून ताटात उपडा केला. हरभरेच हरभरे, आणि एक तूर.

 मग आश्रुबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घिऊ नका, सर. मानूस आपलं मत आपल्यालाच घालनार. त्यात लाज कसली?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी सुकेशनीबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसाराचं चीज झालं असं त्यांना वाटलं. हळूच म्हणाले, "तूर तुझी ना गं?"

"माझी? छ्या! माझा हरभरा हाय त्यात."

"आरं, कामून त्या मास्तरला तरास देता?" आव्वा खेकसल्या. "तूर माझी हाय."

"तुमची?"

"मंग? आठ दिवस झाले, एक भाग सुखानं बघू दिला का कुनी? सात वाजले की ह्यानं बादली ढकलली अन् तिनं घमेलं नेलं! सकाळी पुन्यांदा लागतो तर मी परात बडवायलेली असते. उग्रदंताचं बरं हाय, त्याला उग्रदंत बघायचा नसतो!"

गल्ली हसायला लागली आणि हसता हसता थांबली. कारण सुकेशनीबाई ताटाकडे बघत होत्या, मग नवऱ्याकडे.

"अहो, तूर एकच हाय. ती आव्वाची. मंग तुमी काय टाकलं?"

नागरिकशास्त्राच्या सरांनी खिशात हात घातला. आतली तूर बोटाला लागली. "मतदान गुप्त असतं," ते कसंबसं म्हणाले.

आव्वांनी कमरेची किल्ली सोडून सरांच्या हातात कोंबली. "निवडून मी आले ना? मंग हा माझा हुकूम. उद्यापासून तुमीच चालवा. तक्रारी सातला, पन बाहेर ओसरीवर. आत टीव्हीपाशी कुनी यायचं न्हाई." मग त्या आत जाऊन सोफ्यावर आपल्या जागी टेकल्या. "सुकेशनी, आता सांग बाई, काय झालं मालिकेत?"

सुकेशनीबाई घुटमळल्या. "आव्वा, उग्रदंत मेला. काल. राजपुत्र मनी घिऊन आला अन् गादीवर बसला."

 आव्वांनी विचारलं, "मंग पानी कोन सोडायलंय आता?"

"अजून कुनीच न्हाई. समिती नेमलीय."

हे ओसरीवर ऐकू गेलं. रेणुका आधी उठली, मग आश्रुबा, मग एकेक करत सगळी गल्ली उठली आणि उद्या उजाडायच्या आत घरातली होती नव्हती ती भांडी भरून ठेवायला निघून गेली.