आईच्या कपाळावरचा इंजिनचा दिवा

शाळेत कुणाला सांगायचं नाही असं आजीने बजावलं आहे, पण मंगळवारपासून आमच्या गाडीच्या इंजिनचा दिवा आईच्या कपाळावर लागतो आहे.

आधी तो गाडीतच होता. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या मधोमध, पिवळ्या रंगाचं छोटं चित्र. तोटी बसवलेल्या डब्यासारखं दिसतं ते. दिवाळीनंतर लागला तो विझेचना. बाबांना त्याचा फार राग यायचा. गाडी पळते आहे, ब्रेक लागतो आहे, मग याला काय धाड भरली, असं ते रोज म्हणायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी आईच्या पाकिटातली एक मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवून टाकली. त्यानंतर त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी पोस्टात जायच्या घाईत आई आरशासमोर उभी राहिली, तेव्हा तो तिच्या कपाळावर होता. बरोबर टिकलीच्या जागी. तिने त्यावर टिकली लावली तर ती तापून गळून पडली. दुसरी लावली, तीही पडली. आई बराच वेळ आरशात बघत राहिली. चित्र उलटं दिसत होतं, पण तेच होतं. तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, चला, कुठेतरी दिसलं एकदाचं.

बाबा खाली गाडी बाहेर काढत होते. ते तिथूनच ओरडले, "अगं ऐकलंस का? टिकली पडलीय आणि गाडीतला दिवा गेलाय!"

"वर आलाय," आई म्हणाली.

बाबा वर आले, चष्मा लावून त्यांनी तिचं कपाळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडीला काही झालेलं नाही. मी म्हणतच होतो."

संध्याकाळी ते आईला दिलावर मिस्त्रींच्या गॅरेजवर घेऊन गेले. गॅरेज कराडच्या बाहेर, चिपळूणच्या रस्त्याला आहे. मिस्त्रींनी आईला स्टुलावर बसवलं, हात पुसले आणि तपासायचं यंत्र आणलं. ते टीव्हीच्या रिमोटएवढं असतं आणि त्याला एक वायर असते.

"हे लावायचं कुठे?" बाबांनी विचारलं.

"लेडीजचं कानामागे असतं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी आईला अंबाडा जरा वर धरायला सांगितला आणि वायर खटकन बसली. यंत्रावर आकडे पळाले. मिस्त्री ते वाचत होते आणि मान हलवत होते.

"बिघाड जुना आहे, साहेब. ही कधी पूर्ण बंदच केलेली दिसत नाही. नुसती चालूच ठेवलीय."

"मग आता?"

"आठ दिवस उभी ठेवायची. काही म्हणजे काही काम द्यायचं नाही. एकदम गार झाली की मग खोलून बघता येतं."

"आठ दिवस कसं जमेल? रविवारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. पन्नास बायका येणार."

"मग हे आकडे पुसून देतो. दोन मिनिटांचं काम आहे. दिवा जाईल."

"आणि बिघाड?" आईने विचारलं.

मिस्त्रींनी उत्तर बाबांकडे बघून दिलं. "बिघाड राहतो. पण डोळ्यांसमोर येत नाही. कशामुळे दिवा लागला होता तेच गाडी विसरते, मग गाडीलाही त्रास नाही आणि चालवणाऱ्यालाही नाही. पुसू का साहेब?"

"मला विचारा," आई म्हणाली. "कपाळ माझं आहे."

"ताई, राग मानू नका. आम्ही गाडी ज्यांच्या नावावर असते त्यांना विचारतो."

"आणि मी कुणाच्या नावावर आहे?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे यंत्रात बघितलं. "इथं तर साहेबांचंच नाव दाखवतंय."

नाव लागलं ते लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून, सगळ्यांसमोर, आणि तेव्हा ती लाजून हसली होती, हे आईला आठवलं. हे पुसल्यावर तेही विसरायला होईल का, असं तिला विचारायचं होतं. त्याऐवजी तिने कानामागची वायर ओढून काढली, मिस्त्रींच्या हातात दिली आणि चालत रस्त्यावर गेली.

मिस्त्री मागून सांगत होते, "साहेब, आता दिवा स्थिर आहे तोवर चालवा. पण लुकलुकायला लागला की जागच्या जागी बंद. मग कुणाच्याही नावावर असू दे, चालवायची नाही."

घरी आल्यावर आईने पर्स खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सरळ मागितलं. "मला आठ दिवस द्या."

"देऊ की," आजी म्हणाली. ती तिळगुळाच्या वड्या थापत होती. "आम्ही काय नाही म्हणतोय? हळदीकुंकू पार पडू दे, मग घे आठ दिवस."

"गौरी जेवल्या की घे, म्हणाला होतात. मग दिवाळी झाली की. मग पाहुणे गेले की."

"मग पाहुण्यांना काय हाकलून द्यायचं होतं?"

"आठ दिवस नुसतं बसून करणार काय तू?" बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कुतूहल होतं.

"नुसती बसणार."

"अगं, पण असं कुणी बसतं का?"

आई म्हणाली, "गाडी बसली होती. क्लच गेला तेव्हा गॅरेजला पडून होती. तुम्ही रिक्षाने बँकेत जात होतात आणि येताना रोज तिला बघून येत होतात. तिला कुणी विचारलं नाही, तू नुसती बसून काय करणार म्हणून."

"गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यावाचून सगळं अडतं."

आई ओट्याकडे वळली. तिने कुकर लावला. तिचा दिवा इतका प्रखर झाला होता की कुकरच्या झाकणावर त्याचं चित्र पडलं. बाबा म्हणाले की ट्यूबलाइट बंद केली तरी चालेल, आणि त्यांनी ती बंद केली.

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी आई पोस्टात गेली. खिडकीपलीकडच्या लोकांनी दिवा बघितला आणि रजिस्टरची पावती घेऊन ते निघून गेले. एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "बाई, तुमचं इंजिन गरम झालंय का हो?" आईला त्याचा इतका आधार वाटला की तिने त्याच्या पाकिटाला स्वतः डिंक लावून दिला.

आज रविवार. चार वाजल्यापासून बायका यायला लागल्या. आईने जरीची साडी नेसली होती. ती दारात उभी राहून एकेकीला हळदकुंकू लावत होती, अत्तर लावत होती, गुलाबपाणी शिंपडत होती, वाण म्हणून प्लॅस्टिकची गाळणी देत होती. प्रत्येकीने तिचं कपाळ बघितलं आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

"अगंबाई, तुलाही लागला का?" समोरच्या पेंढारकरवहिनी म्हणाल्या. "माझा गेल्या श्रावणात लागला होता."

"मग काय केलंत?"

"ह्यांनी नेऊन पुसून आणला. काही दुखत नाही गं. जरा कानामागे मुंग्या येतात."

"कशामुळे लागला होता?"

पेंढारकरवहिनींनी तोंडाकडे नेलेली वडी तशीच धरली. त्या आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"नाही गं आठवत. पण काहीतरी होतं बाई. मोठं होतं."

"माझा दोनदा पुसलाय," जगतापकाकू सोफ्यावरून म्हणाल्या. "दुसऱ्या वेळेला तर मिस्त्री म्हणाला, काकू, तुम्ही आता घरच्यासारख्या झालात." सगळ्या हसल्या. जगतापकाकू सगळ्यांत जास्त हसल्या आणि मग मध्येच थांबून त्यांनी पदराने मान पुसली, कानाच्या मागे.

आई हसली नाही. तिने कुंकवाचा करंडा उचलला आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

तेवढ्यात आजी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाच मिनिटं आत ये. मिस्त्रीला घरीच बोलावलाय. मागच्या दाराने येईल, स्वयंपाकघरात काम उरकेल, कुणाला कळायचंही नाही. मग मोठं कुंकू लाव आणि फोटोला ये."

"मी नाही म्हणाले होते."

"तुझ्या भल्यासाठीच ना? बघ, या सगळ्याजणी कशा मजेत आहेत."

आईने सगळ्याजणींकडे बघितलं. मागच्या अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. बाबा कुणाला तरी "या, या, चपला असू द्या" म्हणत होते.

तेव्हा आईचा दिवा लुकलुकायला लागला.

आधी सावकाश, मग भराभर. समोरच्या बायकांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड पडून जाऊ लागला. आईने करंडा शांतपणे जमिनीवर ठेवला. दाराजवळ पाहुण्यांसाठी लाकडी खुर्ची होती, तिच्यावर ती बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बंद," ती म्हणाली.

मिस्त्री यंत्र घेऊन स्वयंपाकघरातून पुढे आले आणि उंबऱ्यातच थांबले. "साहेब, लुकलुकतोय."

"अहो, दोनच मिनिटांचं काम म्हणाला होतात ना?"

"ते स्थिर होता तेव्हा. आता मला हात लावता येत नाही. इथून हलवायचंही नाही, साहेब. ओढूनसुद्धा नाही. थंड होईल तेव्हा होईल."

"पण ही भर दारात बसलीय!"

"बंद पडलेलं जागा बघून पडतं का?" मिस्त्री म्हणाले, आणि वायर गुंडाळत निघून गेले.

बाबा आईसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तिला दोनदा नावाने हाक मारली. आई त्यांच्याकडे बघत होती, डोळे उघडे, चेहऱ्यावर राग अगदी स्वच्छ, पण तिने ओ दिली नाही. मग बाबा अंगणात गेले. घाटात ट्रक बंद पडला की करतात तसं त्यांनी केलं. चार मोठे दगड आणून खुर्चीच्या मागेपुढे मांडले आणि कढीपत्त्याची एक फांदी तोडून दगडांवर ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसावं. हे त्यांनी फार नीट केलं. एक दगड डुगडुगत होता, तो त्यांनी फिरवून पक्का बसवला.

बायका साड्या सावरत दगडांना वळसा घालून जाऊ-येऊ लागल्या. पेंढारकरवहिनी जाता जाता थांबल्या. त्या आईच्या कपाळाकडे टक लावून बघत राहिल्या, जणू तिथे त्यांचं काही लिहिलेलं असावं. मग त्या दुसऱ्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, मी जरा बसते हिच्यापाशी.

"किती दिवस धरायचे?" आजीने बाबांना विचारलं.

"आठ म्हणाला होता."

"आणि आजचा चहा? पन्नास कप आहेत."

बाबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग आजीकडे. आजी गुडघे दाबत म्हणाली की तिच्याच्याने उभं राहवत नाही. मग दोघांनी एकदम आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, जिथे बसून मी हे लिहिते आहे. बाबा मला हाक मारत आहेत. दुसऱ्यांदा मारत आहेत. आजी म्हणते आहे, पोरगी आता काही लहान नाही, तिने जरा आठ दिवस