लॅपटॉपचं कपाळ

एका जंगलात, मुलांनो, एक कचेरी होती. जंगलातले प्राणी वाघाला घाबरत. पण वाघ कधीतरीच भेटे. कचेरीत मात्र जावंच लागे.

त्या कचेरीत नवा लॅपटॉप आला. त्याच्या पडद्याला नुसतं बोट लावलं तरी काम होत असे. कारकुनाच्या जागेवर वानर नेमला होता, कारण त्याला हातापायांची मिळून वीस कामाची बोटं होती. त्याच्या वर अण्णासाहेब अस्वल. ते मुख्य कारकून.

नवी वस्तू आली की तिची पूजा करायची, अशी कचेरीची रीत होती. नारळ फुटला. हार आला. मग अडचण आली ती कुंकवाची. लॅपटॉपचं कपाळ कुठे असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वानर म्हणाला, वरच्या कडेला असावं. अण्णासाहेबांनी लॅपटॉप चारी बाजूंनी न्याहाळला, आणि पडद्याच्या मधोमध बोटभर ओलं कुंकू लावलं.

तेव्हापासून कर्सर पळू लागला.

कर्सर म्हणजे पडद्यावरचा तो छोटा बाण. वानर त्याला डावीकडे नेई, तो मध्ये येई. वर नेई, तरी मध्ये येई. आणि मध्ये जे काही असेल ते स्वतःच दाबून टाकी.

याच दिवसांत एक टिटवी कचेरीत आली. तिनं उघड्या माळावर चार अंडी घातली होती. टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, मुलांनो. त्यांना घरटं बांधता येत नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. पण यंदा गव्यांचा जुना पाणवठा आटला होता. गुरुवारपासून सगळा कळप नव्या पाण्याकडे निघणार होता, तो नेमका तिच्या अंड्यांवरून. गवे बाजूला होतात ते फक्त कचेरीची पाटी असेल तर. पाटीसाठी अर्ज लागतो. अर्ज लॅपटॉपवर.

तो सोमवार होता.

वानरानं तिला सांगितलं, की कर्सर पळतोय, उद्या या. टिटवी म्हणाली की मी इथंच थांबते. नवऱ्याला अंड्यांवर बसवून ती खिडकीत बसून राहिली.

वानरानं लॅपटॉप बंद करून चालू केला. मग चालू करून बंद केला. मग त्याला थोडं ऊन दाखवलं. कर्सर पळतच राहिला. शेवटी शेजारच्या जंगलातून कोल्हा बोलावला. त्यानं सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र तो गळ्यात घालून फिरे.

कोल्ह्यानं आधी अपडेट मारलं. त्यात सोमवार गेला. अपडेट झाल्यावर कर्सर पूर्वीपेक्षा चपळ झाला. मंगळवारी कोल्हा म्हणाला की चार्जरला अर्थिंग नाही, विजेला जमिनीत जायला वाट हवी. म्हणून वानरानं शेपटी ओल्या मातीत पुरून काम केलं. शेपटीला गारवा मिळाला. कर्सरला काही फरक पडला नाही.

मग कोल्ह्यानं हळूच सांगितलं, की पडद्याचं बोटांनी चालणं बंद करायचं एक बटण आत असतं. ते दाबलं तर कर्सर शांत होईल. सगळ्यांना आनंद झाला. मात्र त्या बटणापर्यंत कर्सर न्यायचा कसा, हे कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

इकडे लॅपटॉप रुसलाय असं अण्णासाहेबांना वाटू लागलं होतं. ते रोज सकाळी त्याला ताजं कुंकू लावत. मंगळवारी त्यांनी दुप्पट लावलं.

टिटवी दोन दिवस हे बघत होती. कुठली वस्तू कुठे सरकते याकडे लक्ष ठेवण्यातच टिटवीचा जन्म जातो. मंगळवारी संध्याकाळी ती भीत भीत म्हणाली, "अण्णासाहेब, तो कुंकवाकडे जातोय. कुंकू ओलं आहे ना, त्याला ते बोटच वाटत असणार. जरा पुसून बघता का?"

वानरानं शेपटी मातीतून काढली.

"बाई," अण्णासाहेब म्हणाले, "हे कुंकू वाघमहाराजांच्या नावाचं आहे. महाराज धडधाकट असताना ते पुसायचं?"

कोल्हासुद्धा म्हणाला, की असं काही पुस्तकात नव्हतं.

बुधवार उजाडला. शेवटचा दिवस. टिटवी रडवेली झाली, तेव्हा वानरालाही दया आली. त्यानं तिचा अर्ज उघडला. अर्जदार कोण, असं पहिलं घर होतं, आणि त्याखाली प्राण्यांची लांब यादी. वानरानं 'टिटवी'वर बोट ठेवलं. कर्सर निसटला, कुंकवाकडे धावला. कुंकवाखाली 'हत्ती' होता. तो दाबला गेला. पान सरकलं. आता कुंकवाखाली 'सादर करा' आलं. तेही दाबलं गेलं.

टिटवीनं डोळे मिटून घेतले. वानर म्हणाला की दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण तोही याच लॅपटॉपवर.

"हत्ती झालीस," अण्णासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "कोणाचं वाईट झालं त्यात?"

गुरुवारी पहाटे माळावर पाटी लागली. 'सावधान. येथे हत्तीने अंडी घातली आहेत. गव्यांनी वळसा घालून जावे. हुकमावरून.' टिटवी पाटीखाली अंड्यांवर पंख पसरून बसली. आता कोण हसणार आणि कोण तुडवणार, एवढंच बघायचं राहिलं होतं.

धूळ उडवत कळप आला. पुढे थोरली गवीण होती, तिच्यामागे एक तरणा गवा. गवीण पाटी वाचून जागच्या जागी थांबली.

"मावशी, हत्ती कुठाय?" तरण्या गव्यानं विचारलं. "ही तर टिटवी आहे."

"राखणीला ठेवली असेल. हत्ती काय स्वतः बसणार आहे उन्हात?"

"पण हत्ती अंडी घालत नाहीत, मावशी."

"हेच तर म्हणते मी," गवीण आवाज खाली आणून म्हणाली. "ज्यानं अंडी घातली तो हत्ती आणखी काय काय करील, सांगता येतं का? अंडी किती आहेत बघ. चार. चल, मागे फीर."

कळपानं अर्ध्या कोसाचा वळसा घेतला. जाताना प्रत्येक गव्यानं टिटवीला मान झुकवली.

आठ दिवसांनी अंडी फुटली. चारही पिल्लं धड निघाली आणि लगेच पळायला लागली. त्यांना बापाजवळ ठेवून टिटवी कचेरीत आभार मानायला गेली.

तिथे गर्दी होती. अण्णासाहेब मध खायला रजेवर गेले होते, म्हणून दोन दिवस पूजा झाली नव्हती. पडद्यावरचं कुंकू वाळून त्याची खपली पडली होती. कर्सर सांगाल तिथे जात होता. वानर खुशीत होता. सशाचा अर्ज तो ससा म्हणून घेत होता, मुंगसाचा मुंगूस म्हणून. सगळे अर्ज बिनचूक जात होते आणि सगळे बिनचूक नामंजूर होऊन परत येत होते.

रांगेत पुढे एक रानकोंबडी उभी होती. तिची अंडी रानडुकरांच्या वाटेवर होती.

"नाव?" वानरानं विचारलं.

टिटवीनं इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर कुंकवाची वाटी होती. शेजारी पाण्याचा तांब्या होता. तिनं चोच पाण्यात बुडवली, मग कुंकवात बुडवली, आणि मान लांब करून लॅपटॉपच्या कपाळावर एक ठसठशीत ओला टिळा लावला.

तात्पर्य : बिघडलेलं यंत्र लगेच दुरुस्त करायला घेऊ नये. ते नीट चालत होतं तेव्हा आपलं कोण ऐकत होतं, हे आधी आठवून पाहावं.