राजाराम सोलो

आमच्या रहिमतपुरात राजाराम चहा कुणाशी वाटून घेत नाही. कोणी "राजा, निम्मा दे की गड्या" म्हटलं, की कप छातीशी धरून सांगतो, "चौघांत वाटून लय प्यालो. आता आपण सोलो हाय."

हा दाढी करायला सोलो जातो, मटण सोलो खातो. लग्न का केलं नाहीस, असं विचारायची तर सोयच नाही.

पंचविशीत हा माणूस मुंबईच्या एका पॉप ग्रुपात होता. चार पोरं, चंदेरी जाकिटं, कपाळावर झुलपं. कॉलेजातल्या मुली त्याचा फोटो वहीत ठेवत. त्यातली एक आज माझी बायको आहे, म्हणून हा विषय मी आवरता घेतो.

त्यांच्या गाजलेल्या गाण्यात राजाच्या एकट्याच्या वाट्याला एकच शब्द होता. तोही चुकून. रेकॉर्डिंगच्या आधी कुणीतरी हजेरी घेतली, "राजाराम?" हा शाळेतल्या सवयीनं म्हणाला, "हाय." निर्मात्याला वाटलं, पोरगं काय झकास इंग्रजी बोलतंय. त्यानं गाण्याची सुरुवातच त्या शब्दानं केली. पुढं साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची पोरं एकमेकांना आणि जमलं तर म्हशींनाही 'हाय' करू लागली.

मग वीसेक वर्षांमागं राजा अचानक गावी परतला. ग्रुप मोडला, म्हणाला. जाकीट ज्वारीच्या रानात बुजगावण्याला घातलं. "पाखरं पळायची सोडून बघाय येत्यात," ही त्याची तक्रार. त्यानंतर सांगलीच्या एका गवयांकडं एसटीनं ये-जा करून दहा वर्षं शिकला. आवाज खरंच तयार झाला. आता गावोगावी एकट्याचे कार्यक्रम करतो, एकाच गाण्यात तीन टोप्या बदलून प्रियकर, प्रेयसी आणि सासरा उभा करतो. मी शेजारी, त्यात शाळामास्तर, म्हणून निवेदन माझ्याकडं.

पण जाऊ तिथं तिसऱ्या गाण्याला मागून हाक येते, "राजा, हाय म्हण की."

"म्हणून टाक एकदा," मी म्हटलं.

"आन् मग बाकीचं कोण ऐकतंय, मास्तर? त्यो शब्द स्टेजवर तोंडातनं निघाला, तर गाणं सोडीन."

सांगलीच्या नाट्यगृहातला दुपारचा कार्यक्रम त्याचा पहिलाच मोठा. समोर गवईबुवा, त्यांचे जाणकार श्रोते, आणि पहिल्या रांगेत माझ्या बायकोशेजारी राजाची आई. मागून दोनदा फर्माईश आली. राजानं टोपी बदलली, लक्ष दिलं नाही. चौथं गाणं रंगात आलं आणि वीज गेली. माईक बंद, राजा बंद, सगळीकडं काळोख.

म्हातारीला काळोख नवा नव्हता. काचबिंदूनं डोळे जाऊन वीस वर्षं झाली. लेकाचा आवाज थांबला, एवढंच तिला कळलं. घरी दिवसातून पन्नास वेळा मारते, भिंतीपलीकडून मला ऐकू येते, तीच हाक तिनं तिथंही मारली.

"राजा, हायस का रं?"

विंगेत मला त्याचा पण आठवला.

"हाय, आई. हितंच हाय."

कोणी हसलं नाही. राजानं गाणं तुटलं तिथूनच उचललं, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत. बुवांनी काळोखात मांडीवर ताल धरला, तो मला ऐकू येत होता. वीज आली तेव्हा गाणं संपत आलं होतं. त्यानंतर 'हाय'ची फर्माईश आली नाही.

परतताना गाडीत राजा आणि आई पुढं बसली होती; मागं बायको माझ्या कानाशी म्हणाली, "ग्रुप कुठं मोडला होता? हा गावी आल्यावरही दोन वर्षं चालला की. तिघंच गायचे."

मी राजाला विचारणार होतो. पण वाटेत चहाला थांबलो, तेव्हा त्यानं आपल्या कपातला निम्मा चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि आईचे दोन्ही हात बशीला लावून दिले.