कालच्या सासूबाई, आजच्या सासूबाई

"उद्या मी न पोहता परत आले, तर दार उघडू नकोस," भाजी निवडता निवडता सासूबाईंनी सुनेला बजावलं. "रडले, ओरडले तरी नाही. शब्द दे."

साठीत पोहायला शिकायचंच, असं सासूबाईंनी याआधीही ठरवलं होतं आणि दर वेळी तलावाच्या फाटकावरूनच त्या माघारी फिरल्या होत्या. सुनेने शब्द दिला, तोही अगदी मनापासून. नुसतं दार न उघडण्यात अवघड ते काय?

सकाळी सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या आणि सुनेचा चहा निवायच्या आत परतल्या. सुनेने दाराच्या भिंगातून पाहिलं. केस कोरडे ठणठणीत.

"उघड गं. पाणी फार गार आहे."

"हात घालून बघितलात?"

"लांबूनच कळतं ते."

"मग नाही उघडणार. तुम्हीच सांगितलंय."

"ते काल सांगितलं. आज सांगतेय, उघड."

सून पेचात पडली. कालच्या सासूबाईंचं ऐकायचं की आजच्या? कालच्या निवांत बसून, विचार करून बोलल्या होत्या. आजच्या नुसत्या घाबरल्या होत्या. तिने कडीवरचा हात काढून घेतला.

सासूबाई जिन्यात बसल्या. समोरच्या काकूंनी डोकावून विचारलं, "अहो, इथे कशा?"

"सून घरात घेत नाही."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. काकूंनी खुर्ची आणली, पाणी दिलं आणि वरच्या मजल्यावरच्या दोघींना हाक मारली. त्यांतल्या एकीने सासूबाईंच्या मुलाच्या ऑफिसात फोन लावला. लगेच सुनेचा फोन वाजला.

"आईला घराबाहेर काढलंस?"

"काढलं नाही. आत घेत नाहीये."

"फरक काय?"

"तो त्यांनाच विचार."

दारावर थापा पडू लागल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द दिला तेव्हा तिच्या मनात खोट नव्हती आणि आता दार उघडावंसं वाटत होतं, त्यातही नव्हती. शेवटी तिने कडी काढली.

सासूबाई सुनेकडे बघतच राहिल्या.

"उघडलंस?"

"हो. या ना आत."

"मी तुझ्या भरवशावर होते गं."

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि कठडा धरून जिना उतरायला लागल्या.

"अहो, आता तर दार उघडलंय," काकू वरून म्हणाल्या.

"म्हणूनच तलावावर चाललेय," सासूबाई म्हणाल्या. "आता मी माघारी फिरले, तर मला अडवायला कोणी उरलं नाही."