ओट्याची परवानगी

लग्नाला दोन महिने झाले तरी मधुवंतीनं सासरच्या गॅसला हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता, असं म्हणायला हवं. सासूबाई इंदूताईंचं स्वयंपाकघर म्हणजे शेवगावातलं स्वतंत्र संस्थान होतं. सून ओट्याजवळ आली, की "राहू दे गं, मी करते" हे ठरलेलं.

त्या सकाळी गंधार बायकोच्या लिनक्स कॉम्प्युटरवर डॉकर नावाचं सॉफ्टवेअर बसवत होता. नव्या नोकरीत तिला ते दुपारपर्यंत हवंच होतं. भिंतीपलीकडे दाणे भाजणाऱ्या इंदूताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. कान मात्र तिखट होते.

"परवानगीच नाही म्हणतंय," मधुवंती वैतागून म्हणाली. "कशालाच हात लावू देत नाहीये."

इंदूताईंचं उलथणं थांबलं. म्हणजे गाऱ्हाणं लेकापर्यंत पोचलं होतं तर.

"नावाला तुला ग्रुपमध्ये घेतलंय," गंधार म्हणाला. "पण आता सगळं आवर आणि बाहेर पड. परत आत आलीस की मगच तुझं चालेल."

इंदूताईंनी भिंतीला कान लावला. सोन्यासारख्या सुनेला पोरगा बाहेर काढतोय, आणि तेही आपल्या ओट्यापायी! तेवढ्यात लेकाचा थंड आवाज आला, "नाहीच जमलं तर ही काढून टाकू, दुसरी आणू. पाच मिनिटांचं काम."

दाणे करपले. इंदूताई लायटर घेऊनच खोलीत शिरल्या.

"कुणाला काढतोस रे? व्याह्यांना काय तोंड दाखवू मी?" त्यांनी लायटर सुनेच्या हातात कोंबला. "मधू, चुकलं बाई माझं. आजपासून ओटा तुझा. पण घर सोडू नकोस."

गंधारनं कपाळावर हात मारला. परवानगी हवी ती डॉकर वापरायची, बाहेर पडायचं ते कॉम्प्युटरमधून, म्हणजे लॉगआउट करून, आणि काढायची ती डॉकरची आवृत्ती, हे त्यानं आईला दोनदा समजावलं. मधुवंती हसत हसत कॉम्प्युटरमधून बाहेर पडली, परत आत शिरली, आणि डॉकर निमूट चालू झालं. इंदूताईंचा जीव भांड्यात पडला. पण दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

संध्याकाळी त्या टीव्हीपुढे पाय पसरून बसल्या. हे सुख आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. स्वयंपाकघरातून कुजबुज आली.

"गंधार, दिलेली परवानगी काढून कशी घेतात रे? आई 'राहू दे' म्हणायच्या तेव्हा किती बरं होतं. मला कुठे येतोय स्वयंपाक?"

"त्यालाही एकदा बाहेर पडावंच लागत असेल," इंदूताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "येताना चहा घेऊन ये."