सरदारचे किलोमीटर

बसा हो जरा, ऐकून जा! लबाडी न करता मानूस चोर कसा ठरतो, त्याची गोष्ट सांगतो.

मी कानिफनाथ. सोलर पंप दुरुस्त करतो. कंपनीचा नोकर न्हाई, ठेक्यावर हाय. गाडी माझी, पेट्रोल माझं, कंपनी किलोमीटरवर पैसे देती. मोबाईलमधी त्यांचं ॲप हाय. मी हाललो की त्ये मोजतं. अख्ख्या राहाता तालुक्यात माझ्यावानी सरळ हिशेब कुनाचा न्हाई, छातीवर हात ठिवून सांगतो!

त्या दिशी ऊन असं, की चप्पल डांबराला चिकटावी. रस्त्याकडंला मेहताबभाईची रसवंती. बैल चरक फिरवतोय, ऊस चेचतोय. मी घामेजलेलं जाकीट काढून चरकाच्या आडव्या लाकडाला अडकवलं, रस प्यालो अन् लिंबाखाली आडवा झालो. मोबाईल जाकिटाच्या खिशात! बैल फिरतोय, जाकीट फिरतंय, मोबाईल फिरतोय. मी आपला घोरतोय.

दुसऱ्या दिशी आरती मॅडमचा फोन. आमची बिलं पास करनारी बाई. आवाज असा, की कानाला बर्फ लावल्यावानी.

"कानिफनाथ, काल दुपारभर एकाच जागी गोल गोल काय करत होता?"

"झोपलो हुतो, मॅडम!"

"झोपून अकरा किलोमीटर?"

"मी न्हाई, बैल चालला!"

"चेष्टा करता? उद्या मी येते. खोटं निघालं तर ठेका बंद!"

माझ्या तर तोंडचं पानीच पळालं. घर त्याच ठेक्यावर चालतंय हो!

मॅडम आल्या. तोंडावर माशी बसायची हिंमत न्हाई. सोताचा मोबाईल रुमालात गुंडाळून त्यांनी लाकडाला बांधला. "हं, चालवा."

अन् सरदार, म्हंजी त्यो बैल, जागचा हालंना! मेहताबभाईनं चुचकारलं, थोपटलं. मी तर हात जोडले. बैलाला!

मॅडमनी घड्याळ बघितलं. "हाच का तुमचा अकरा किलोमीटरवाला?"

"मेहताबभाई, काय झालं रं ह्याला?"

"चरकात ऊस न्हाई ना. रिकामा चरक त्यो वढत न्हाई. लई शिस्तीचा हाय."

"मग घाल ऊस!"

"अन् रस कोन पिनार? तुजा सासरा?"

"मी पितो, बाबा!"

ऊस घातला, सरदार हालला. मी एक गिलास रिचवला, दुसरा रिचवला. मॅडम म्हनायच्या, "अजून थोडं." मेहताबभाई गिलास पुढं करायचा. पोट टमटमीत! रस डोळ्यांतनं येतोय का काय, अशी गत.

शेवटी मॅडमनी मोबाईल सोडून बघितला अन् पयल्यांदा हसल्या. "खरंय तुमचं. बिल दुरुस्त करून देते."

मी सरदारचा मुका घेतला.

संध्याकाळी परत फोन. ह्या टायमाला मॅडमचाच आवाज कापत हुता. "कानिफनाथ, माझंही ॲप चालू होतं हो! माझ्याही नावावर किलोमीटर गेले. वरच्या साहेबांनी मलाच धरलंय. म्हणतात, दोघं मिळून कंपनीला फिरवता काय?"

"मग बैलाचं सांगा की!"

"सांगितलं! म्हणाले, बैल तर बैल, वाहनाचा नंबर टाका. नाहीतर दोघंही घरी बसा."

तवा भाऊ, एक इनंती हाय. आरटीओत कुनी वळखीचं असंल तर हळूच इचारा, बैलाला नंबर देत्यात का. अन् देत असतील, तर पाटी पुढं लावायची का मागं, तेबी इचारून ठिवा!